पांढऱ्या भिंतीचा हंगाम

चुन्याच्या वासाची भीती वाटणारी माणसं जगात फार नसावीत. मी आहे. आश्विन लागला, पाऊस मागं फिरला, की आमच्या घाटंजीच्या वस्तीत घरोघरी बादलीत चुना भिजत पडतो. तो फसफसतो, वाफा सोडतो, बाया त्यात चिमूटभर नीळ टाकून काठीनं ढवळतात. अशोक विजयादशमी, आमचा धम्मदीक्षेचा दिवस, जवळ आली, म्हणजे घर पांढरं झालंच पाहिजे. लहानपणी मला तो वास इतका आवडायचा की मी ओल्या भिंतीला नाक लावून उभी राहायची आणि पांढऱ्या नाकानं शाळेत जायची. आता यवतमाळला कॉलेजात पोरांना प्रकाशाचे गुणधर्म शिकवते आणि शेजारच्यांनी चुन्याची बादली बाहेर काढली की खिडकी लावून घेते. नवऱ्याला सांगते, धूळ येते.

त्याला खरं काय ते माहीत आहे, पण तो विचारत नाही.

तो हंगाम कपाशीच्या वाईट वर्षांतला. पाऊस रेंगाळला, कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली आणि बोंडांत अळी शिरली. ज्याला त्याला फवारणीची घाई. उभ्या पिकात शिरायचं, पाठीवर पंप, आणि नळी वर धरून फवारायचं. औषध पिकावर कमी पडे, अंगावर जास्त. औषधच म्हणायचे सगळे त्याला. विष म्हणायला जीभ धजत नव्हती. संध्याकाळी माणसं वावरातून परतायची तेव्हा बाया दारातच उभ्या असत. नवऱ्याचा शर्ट हुंगायच्या, घाम जास्त आला आहे का बघायच्या, डोळ्यांत पाहायच्या. ते कपडे घरात न आणता बाहेरच्या बोरीवर टाकायच्या. कुणी ओकलं तर ती बातमी गल्लीच्या टोकापर्यंत जायला वेळ लागत नसे. आमच्या मागच्या आळीतला एकजण असाच दिवे लागायच्या वेळी घरी आला, पाणी मागितलं, आणि दवाखान्यात नेला तो परत आला नाही. त्यानंतर कुणी नुसते डोळे चोळले तरी बाया त्याला उजेडात नेऊन बघायच्या.

मी नेमकी तेव्हाच पुण्याहून घरी आलेली. प्रबंधाचं एक प्रकरण लिहायचं होतं. पिशवीत कपड्यांपेक्षा कागद जास्त, आणि त्या कागदांवर नागमोडी रेघा. आई त्या रेघांकडे बघून म्हणायची की दवाखान्यात छातीच्या ठोक्यांची पट्टी काढतात तशा या दिसतात, तर आजारी कोण आहे? आईला मी माय म्हणते. माय चौथी शिकलेली, पण कुठलीही गोष्ट समजल्याशिवाय सोडायची नाही. तूर पाखडता पाखडता तिनं मला ताऱ्यांबद्दल विचारलं, आणि मी सांगत बसले.

सांगितलं ते असं. काही तारे जोडीनं राहतात, आणि काही जोड्या इतक्या जवळ की एकाच्या अंगावरचा वायू दुसरा ओढून घेतो. तो वायू सरळ जाऊन पडत नाही. गोल गोल फिरत आत जातो, स्वतःशीच घासतो, आपटतो, आणि इतका तापतो की त्याचा बराचसा उजेड आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. जांभळ्या रंगाच्याही पलीकडचा तो, अतिनील. आपली हवा त्याला वरच अडवते, म्हणून जमिनीवरून कितीही मोठी दुर्बीण लावली तरी उपयोग नाही. दुर्बीण उपग्रहावर बसवून हवेच्या बाहेर पाठवावी लागते. माझ्या कागदांवरच्या रेघा तिथून आलेल्या. त्या तापलेल्या वायूत कार्बन आहे, सिलिकॉन आहे, तो किती वेगानं फिरतो आहे, हे सगळं त्या रेघांतून वाचायचं.

मायनं सूप खाली ठेवलं. "म्हंजे दिसत नाई, आन तू तेच पायतं?"

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. ते वेल्डर. घराला लागूनच त्यांची शेड. त्यांनी विचारलं की आर्क पेटते तेव्हा रॉड आणि लोखंड यांच्या मधे जे जळतं ते काय असतं? मी म्हणाले, तापलेला वायूच. त्यातूनही तोच अतिनील उजेड निघतो, म्हणून तर तुम्ही काळी काच धरता. बाबांनी मान डोलावली आणि मग हिच्या ताऱ्यात आणि माझ्या दुकानात फरक तो काय, असं मायला विचारून हसत निघून गेले. मलाही हसू आलं. अंतराचा फरक आहे, असं मी त्यांच्या पाठीमागून ओरडून सांगितलं.

आज वाटतं, फरक तेवढाच होता. पण तेवढाच पुरेसा असतो.

शेडच्या भिंती आधी टिनाच्या होत्या, धुरानं आणि गंजानं काळ्या पडलेल्या. त्या वर्षी पहिल्यांदा विटांच्या झाल्या. घराला चुना लागला तेव्हा उरलेल्या बादलीकडं बघून मायनं म्हटलं की नव्या भिंतींनी काय पाप केलं, त्याही होऊन जाऊ द्या. बाबांनी हौसेनं दोन हात मारले. दुसऱ्या दिवशी शेड अशी उजळली की आत गेलं तर डोळे मिचकावावे लागत. दुपारी दिवा लावायची गरज नाही, खिळा पडला तरी सापडतो, असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते. कौतुक करणाऱ्यांत मीही होतेच.

कापूस निघायचे दिवस म्हणजे ट्रॉल्यांचे दिवस. कापूस वजनाला हलका आणि पसरायला मोठा, म्हणून ट्रॉलीवर लोखंडी जाळीचा उंच पिंजरा चढवावा लागतो. बाबांच्या हाताखाली सुधाकरभाऊ असायचा, पण तोही त्या हंगामात फवारणीला जाऊ लागला होता. मग लोखंड धरायला माय. हे काही नवं नव्हतं. सुधाकरभाऊ नसला की शेडमधून हाक यायची, "धर व," आणि माय हातातलं काम टाकून जायची. पिंजऱ्याचा दांडा दोन्ही हातांनी जागेवर दाबून धरायचा, बाबा एका हातात काळ्या काचेची ढाल आणि दुसऱ्या हातात रॉड घेऊन टाका मारणार. ढाल एकच. धरणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले. म्हणून धरणाऱ्यासाठी आमच्या घरात एकच नियम होता: तोंड फिरव. माय तोंड उजवीकडं फिरवायची. डोळे मिटायची नाही. तिकडं दारातून चूल दिसायची आणि चुलीवर वरण असायचं. वर्षानुवर्षं तिनं असंच लोखंड धरलं, आणि तिला कधी आर्क लागली नाही.

आर्क लागणं म्हणजे काय ते वेल्डरच्या घरात सगळ्यांना माहीत असतं. उघड्या डोळ्यांनी पाहिलं की तेव्हा काही होत नाही. काही तास जातात, आणि मग डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं होतं. बाबांना तरुणपणी लागलेली. आजी डोळ्यांवर कच्च्या बटाट्याचे काप ठेवायची.

त्या दिवशी सकाळभर टाके चालले होते. मी ओसरीवर कागद पसरून बसले होते आणि शेडमधून येणारा तो आवाज, तळणात पाणी पडल्यासारखा, ऐकत होते. आदल्या दिवशी माय एका ओळखीच्या वावरात वेचणीला जाऊन आली होती, हेही सांगायला हवं, कारण पुढं सगळं त्याच्यावरच येऊन ठेपलं.

दिवे लागायची वेळ. माय भाकरी थापत होती. थापता थापता थांबली आणि मला म्हणाली, "सुजू, लाईट गेली का व?"

बल्ब चालू होता. तिच्या डोक्यावरच होता.

मी जवळ गेले तर तिचे डोळे गच्च मिटलेले, गालांवरून पाणी वाहत होतं. डोळे नाई उघडत, उघडले की सुया टोचतात, असं ती म्हणत होती, आणि पिठाच्या हातानं डोळे चोळू नयेत म्हणून दोन्ही हात हवेत धरून बसली होती. ते हवेत धरलेले पिठाचे हात मला अजून दिसतात. बाबा धावत आले. आधी म्हणाले, आर्क लागली. मग स्वतःच थबकले. "आर्क कशी लागन? तोंड तर तिकडं होतं तिचं." तिनंही मान हलवली, की मी पाहिलंच नाही तिकडं. मग बाबांनी अगदी हळू विचारलं की कालचं ते वावर फवारलेलं होतं का. माय म्हणाली, वास तर येत होता.

भीती अंगात कशी शिरते हे मला त्या दिवशी कळलं. पायांतून वर येते. चूल तशीच टाकून आम्ही ऑटोत बसलो. मायचा हात माझ्या हातात होता, त्याला घाम होता, आणि घाम येणं हे फवारणीचं लक्षण, हे त्या हंगामात लहान पोरांनाही पाठ होतं. तुला मळमळतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, हो, थोडं थोडं. भ्यालेल्या माणसाला घामही येतो आणि मळमळतंही, हे तेव्हा सुचलं नाही. माणूस भ्याला की प्रत्येक गोष्ट त्या भीतीलाच जाऊन चिकटते.

दवाखान्यात फवारणीचीच माणसं. कुणी खाटेवर, कुणी सतरंजीवर, नाकाला तो वास, तोंडातून लाळ, आणि प्रत्येकाच्या उशाशी एक बाई पदर तोंडाला लावून बसलेली. सुधाकरभाऊही तिथंच होता. दोन दिवसांपूर्वी आणलेला. त्यानं मायला ओळखलं आणि जड जिभेनं विचारलं, "वहिनी, तुमाले कोन्या वावरात लागलं?" मायनं आवाजाच्या दिशेनं तोंड केलं, पण तिला तो दिसत नव्हता. डॉक्टर एक तरुण मुलगी, माझ्याच वयाची असेल, डोळे जागरणानं तांबारलेले. तिला मायची बाहुली बघायची होती. विषबाधेत डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते, त्यावरून समजतं. पण मायला डोळा उघडताच येईना. डॉक्टरनं बाबांना विचारलं, वावर केव्हा फवारलं होतं, वेचणी किती वेळ केली. बाबा जे माहीत नव्हतं त्याचीही उत्तरं देत होते. नर्स रिकामी खाट शोधू लागली.

मी मायकडं बघत होते. दुसरं काय करणार. ट्यूबलाइटच्या उजेडात तिचा डावा गाल उजव्यापेक्षा काळपट दिसत होता. तो तसाच होता, कायमचा. मला लहानपणापासून वाटायचं चुलीच्या धगीनं असेल. पण आमची चूल तिच्या डाव्या बाजूला कधी नव्हतीच. आणि उजवा गाल, जो नेहमी गोरा असायचा, तो त्या दिवशी लाल झाला होता, दिवसभर उन्हात बसल्यासारखा. कपाळाची उजवी बाजू आणि कानाची पाळीही.

माझ्या गाईडना एक सवय होती. मी कुठलीही रेघ घेऊन गेले की ते म्हणायचे, हा उजेड कुणाचा ते आधी सांग. कारण दुर्बिणीतून त्या दोन ताऱ्यांचा मिळून एकच ठिपका दिसतो. काही वेळा थंड ताऱ्याकडून असा उजेड येतो जो त्याचा असूच शकत नाही. शेजारचा तापलेला वायू आग ओकत असतो, ती या थंड ताऱ्याच्या तोंडावर पडते, आणि जी बाजू समोर असते ती बाजू उजळते. तोंड समोर असलेली बाजू. हे मी कित्येकदा लिहिलं होतं, इंग्रजीत, आकृतीसह.

डावा गाल आर्ककडं. मग उजव्या गालावर उजेड कुणाचा? उजवीकडं तर काहीच नव्हतं. चुलीकडचं दार, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना भिंत. नवी, दोन हात मारलेली, पांढरीफेक.

काळ्या टिनानं इतकी वर्षं जे गिळलं, ते त्या चुन्यानं जसंच्या तसं तिच्या उघड्या डोळ्यांत परत फेकलं होतं. सकाळभर. तिनं नियम पाळला होता, तोंड फिरवलं होतं, आणि ज्या बाजूला फिरवलं तिथूनच ते आलं.

मी डॉक्टरला कसं सांगितलं ते आठवत नाही, बहुतेक मी रडतच होते. भिंत, चुना, वेल्डिंग, उजवा गाल, असं काहीतरी तुकड्या तुकड्यांनी. ती माझ्याकडं क्षणभर बघत राहिली, मग वळून मायचा गाल पाहिला, आणि एका बाटलीतला, डोळा बधिर करणारा थेंब मायच्या पापणीच्या कडेनं आत सोडला. थोड्या वेळानं मायला डोळा किलकिला करता आला. टॉर्चच्या उजेडात डॉक्टर वाकून बघत होती. मी तिचं तोंड बघत होते. माझ्या आयुष्यात मी इतक्या लक्षपूर्वक कुठल्याच ताऱ्याकडं पाहिलेलं नाही.

"बाहुली चांगली आहे," ती म्हणाली. "हे फवारणीचं नाही."

बाबा तिथंच, खाटेच्या कडेला, खाली बसले. सुधाकरभाऊची बायको पलीकडून बघत होती. तिनं माझ्याकडं पाहून मान हलवली, बरं झालं म्हणून, आणि मग पुन्हा नवऱ्याकडं वळली. तिची भीती तशीच होती. माझी उतरली आणि तिची नाही, याची मला तिथं लाज वाटली.

डॉक्टरनं मलम घालून पट्टी बांधली. डोळे दोनेक दिवसांत बरे होतील, पण असं वारंवार होऊ देऊ नका, आणि तो डावा गाल सांगतोय की थोडं थोडं तर रोजच होत होतं. मोतीबिंदू लवकर येईल, असंही म्हणाली.

बाबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दिव्याची काजळी आणि जुनं इंजिन ऑइल कालवलं आणि शेडच्या भिंती काळ्या केल्या. नेमकी त्याच दिवशी अशोक विजयादशमी. सगळी वस्ती पांढरीशुभ्र, दारोदार पंचरंगी झेंडे, पांढरे कपडे घालून माणसं विहारात वंदनेला निघालेली, आणि मधे आमची एकटी शेड डांबरासारखी. लोकांनी विचारलंच, की सणासुदीचं हे काय आरंभलं. बाबा एकसारखे हात फिरवत राहिले, एक पांढरा ठिपका राहिला तरी परत जाऊन पुसत राहिले. सुधाकरभाऊ आठवड्याभरानं घरी आला. वाचला, पण पुढं कधी पंप पाठीवर घेतला नाही.

सणाच्या त्या सकाळी माय पट्टी बांधून, पांढरं लुगडं नेसून पायरीवर बसली होती. मी तिला ज्वारीच्या लाह्या भरवत होते, कारण तिला हात कुठं न्यायचा ते समजत नव्हतं. भरवता भरवता मी तिला त्या थंड ताऱ्याचं सांगितलं, ज्याचं तोंड शेजाऱ्याच्या आगीनं भाजतं. मधेच तिनं विचारलं, "तुह्या ताऱ्यायतला तो भाजते तो, तो दूर काहून नाई जात?"

मी म्हणाले, जाऊ शकत नाही. दोघं एकमेकांच्या ओढीत असतात. फिरत राहतो, तोंड कायम त्याच्याकडं.

तिनं तोंडातल्या लाह्या चावून संपवल्या. मग पट्टीखालचं तिचं तोंड हसलं. "त्याले कोनी 'धर व' म्हनते का पन?"

नाही म्हणत, मी म्हणाले.

"मले म्हनतेत," ती म्हणाली. "मी जाईन."

आणि हाक आली की ती जात राहिली. मी नागपूरहून डोक्यावर बसवायचा, काळ्या काचेचा मुखवटा आणून दिला, तो पदरावरून घसरायचा, म्हणून बऱ्याचदा खिळ्यालाच लटकलेला असायचा. पुण्याला गेले तरी सकाळ झाली की मला वाटायचं, आता शेडमधून हाक आली असेल. प्रबंध पूर्ण झाला. त्यात एक परिच्छेद आहे, तापलेल्या वायूनं शेजाऱ्याची समोरची बाजू कशी उजळते त्याचा. परीक्षकांना तो आवडला. मला तो अजून नीट वाचता येत नाही; मधेच कुठंतरी तो गाल येतो.

डॉक्टर म्हणाली होती तसंच झालं. या पावसाळ्याच्या शेवटी यवतमाळला मायच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. तिच्या बरोबरीच्या बायांना अजून सुईत दोरा ओवता येतो. मी सुटी काढून तिला घेऊन घाटंजीला आले तेव्हा नेमका आश्विन लागला होता आणि वस्तीभर चुना फसफसत होता. कपाशी पुन्हा उंच झाली आहे. संध्याकाळी बाया पुन्हा दारात उभ्या राहू लागल्या आहेत, आता त्यांच्या मुली उभ्या राहतात त्यांच्यासोबत. आमची शेड काळीच आहे.

परवा सकाळी बाबा ट्रॉलीचा पिंजरा लावत होते. वय झालं आता त्यांचं. सवयीनं हाक आली, "धर व." डोळ्यावर हिरवी पट्टी असलेली माय सवयीनंच उठली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं, खिळ्यावरचा मुखवटा काढला, धूळ पुसली आणि आत गेले. इतकी वर्षं मी तो उजेड उपग्रहामार्फत पाहिला होता. दांडा दोन्ही हातांनी धरला. बाबांनी टाका मारला. काळ्या काचेत एक हिरवा ठिपका पेटला, आणि लोखंडातून धग हातापर्यंत आली. मी तोंड फिरवलं नाही. फिरवायचं कुठं?

दिवे लागायच्या वेळी मी भाकरी थापायला बसले, तशी ती चाचपडत माझ्यापाशी आली. माझी हनुवटी धरली आणि तोंड बल्बकडं वळवलं. आपल्या एका डोळ्यानं आधी माझा डावा गाल पाहिला, मग उजवा.

"वाळू गेल्यासारखं वाटते का?"

मी नाही म्हणाले.

"पानी येते का डोयातून?"

नाही, माय. मुखवटा होता ना मला.

तिच्या हाताला घाम होता. तो मला ओळखीचा होता. ऑटोत बसून दवाखान्यात जाताना तो माझ्या हाताला लागला होता.

"लाईट दिसते ना बराबर?" तिनं विचारलं.

दिसते, मी म्हणाले. तव्यावरची भाकर करपायला लागली होती, तरी तिनं हनुवटी सोडली नाही.